तलावांची विद्या आणि तलावांविषयीचे वाङ्मय

'देशी ज्ञान' आणि 'शाश्वत विकास' ही शब्दांची जोडी गेल्या तीसचाळीस वर्षांत आपल्या लेखनात इतकी रुळली आहे, की त्यांपैकी एक उच्चारताच दुसरा आपोआप ओठांवर येतो. १९८७ साली ब्रुंटलांड समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, १९९२ साली रिओ येथील जैवविविधतेच्या करारात परंपरागत ज्ञानाच्या रक्षणाचे कलम आले, आणि २००२ साली आपल्या देशातही जैवविविधतेचा कायदा झाला. तेव्हापासून ह्या विषयावर मराठीत विपुल मजकूर निर्माण झाला आहे, आणि त्यातील पुष्कळसा स्तुतिपर आहे. स्तुती ही काही वाईट गोष्ट नव्हे. परंतु जिची स्तुती चालली आहे ती वस्तू स्तोत्र संपल्यावर आपणांस अधिक स्पष्ट दिसू लागते काय, एवढे टीकाकाराने विचारावयासच हवे. हा प्रश्न मी येथे गोंदिया जिल्ह्यातील तलावांच्या निमित्ताने विचारू इच्छितो. एक तर देशी विद्येचे इतके ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. आणि दुसरे असे, की ह्या तलावांच्या काठी मारुती चितमपल्ली यांच्यासारखा ग्रंथकार वास्तव्य करून गेला असल्यामुळे, येथे टीकेचा विषय होण्याच्या योग्यतेचे वाङ्मयही आहे.

गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. दोन्ही मिळून जो प्रदेश होतो त्यास तलावांचा प्रदेश म्हणण्याची जुनी चाल आहे, व ती यथार्थ आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा. पाऊस येथे कमी नाही. तो हजार मिलिमीटरांहून पुष्कळ अधिक पडतो. पण धानाचे पीक पावसाच्या बेरजेवर पोसत नाही, त्याच्या वेळेवर पोसते. रोवणी आटोपल्यावर भाद्रपद-आश्विनात, ऐन लोंब भरण्याच्या वेळी, पावसाने पाठ फिरविली तर आषाढातल्या पुराचा उपयोग काय? ह्या अडचणीचे उत्तर म्हणजे तलाव. दोन टेकड्यांमधील अरुंद जागा हेरून तेथे मातीची पाळ घालावयाची; वरचा तलाव भरून सांडला म्हणजे ते पाणी वाया न जाता खालच्या तलावात वा बोडीत उतरेल अशी साखळी जुळवावयाची; पाळीखालच्या बांध्यांना ठरल्या क्रमाने पाणी सोडावयाचे; आणि उन्हाळ्यात तळ उघडा पडला म्हणजे तेथील गाळ गाड्यांनी शेतात न्यावयाचा. हा सारा व्यवहार मिळून तलाव होतो. नुसते साचलेले पाणी म्हणजे तलाव नव्हे.

नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी गॅझेटियरची नोंद आहे. भोवतीच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. ह्या बहिणींनी बांध पुरा करण्यास हातभार लावला अशी लोकांची समजूत असून, स्वतः कोलू पाटील कोलासूर ह्या नावाने देव होऊन त्यांपैकीच एका टेकडीवर विराजमान झाला आहे. सुशिक्षित वाचक अशी कथा ऐकून कौतुकाने हसतो व पुढे जातो. पण ती जरा थांबून ऐकावी. टेकड्यांनी हातभार लावला हे अक्षरशः खरे आहे. निसर्गाने नव्वद हिस्से काम करून ठेवले होते, आणि उरलेल्या खिंडी कोठे व किती बुजवावयाच्या हे ओळखण्यात कोलू पाटलाची बुद्धिमत्ता होती. आजच्या अभियंत्याच्या भाषेत ज्यास स्थळनिवड म्हणतात, तेच ह्या कथेने बहिणींच्या नात्याने सांगितले आहे.

कोहळ्यांविषयी पहिला व्यवस्थित मजकूर आपणांस रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात मिळतो. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता त्याने तेथून ह्या लोकांस आणले, अशी त्यांची परंपरा ह्या ग्रंथात नोंदलेली आहे. ती ऐतिहासिक दृष्ट्या कितपत टिकेल हा प्रश्न बाजूस ठेवला तरी, 'देशी ज्ञाना'च्या भक्तांनी तिचा विचार अवश्य करावा. जे लोक ह्या विद्येचे धनी म्हणून मिरविले जातात ते स्वतःच आपणांस परदेशातून, निदान परप्रांतातून, आलेले मानतात! तेव्हा ह्या संदर्भात देशी म्हणजे येथेच उगवलेले असा अर्थ घेता येत नाही. येथल्या मातीत, येथल्या उतारावर, येथल्या पावसाच्या लहरीपुढे दहा पिढ्या कसोटीस लागलेले, असाच तो घ्यावा लागतो. ह्या अर्थाने घेतल्यास त्या शब्दातील जन्माचा अभिमान गळतो आणि अनुभवाचा अधिकार उरतो. मला तो अर्थ अधिक सोज्ज्वळ वाटतो.

रसेल-हिरालाल यांचा ग्रंथ परिश्रमाचा आहे, तथापि त्याच्या रचनेतच एक मोठी खोच आहे. जातींच्या नोंदी तेथे इंग्रजी वर्णानुक्रमाने लाविलेल्या आहेत. त्यामुळे पाळ बांधणारा कोहळी एका ठिकाणी, पाण्यात उतरून मासे धरणारा ढिवर दुसऱ्या ठिकाणी आणि जंगल राखणारा गोंड तिसऱ्या ठिकाणी जाऊन पडला आहे. हे तिघे रोज एकाच पाळीवर एकमेकांस भेटत होते. ग्रंथात त्यांची भेट होत नाही. कौशल्य हा जातीचा उपजत गुण आहे असे एकदा मानले म्हणजे त्या कौशल्यांचे परस्परांशी असलेले देणेघेणे, करार, तंटे व तडजोडी नजरेआड होतात. वास्तविक तलाव टिकला तो ह्या देण्याघेण्यावर. गोंड राजांची रीतच अशी होती, की जो तलाव बांधील त्यास त्याच्या पाण्याखाली भिजणाऱ्या जमिनीत विशेष हक्क मिळावा. म्हणजे विद्या आणि हक्क ह्या गोष्टी आरंभापासूनच एका दोरीत ओवलेल्या होत्या. ह्या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे, की ही दोरी ज्या लेखनातून सुटते ते लेखन देशी ज्ञानाची कितीही आरती करो, त्याच्या हाती त्या ज्ञानाचा सांगाडा तेवढा राहतो.

आता चितमपल्ली. सोलापुरास जन्मलेला हा लेखक (१९३२–२०२५) वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधास येऊन राहिला, आणि त्या वास्तव्याने मराठी गद्याचा एक नवा प्रांत उघडून दिला, असे म्हणावयास मुळीच हरकत नाही. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक आणि 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांस ह्या विधानाचा पुरावा देण्याची गरज नाही. त्यांचा सर्वांत मोठा गुण मला असा वाटतो, की त्यांच्या लेखनात ज्ञानाला माणूस असतो. गॅझेटियरचा लेखक 'कोहळी लोक असे मानतात' असे लिहितो. चितमपल्लींच्या पानांवर नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार बोलतात, चालतात, थांबून एखादा माग दाखवितात. ऐकणारा अधिकारी आहे आणि सांगणारा गावकरी आहे, पण त्या पानापुरते गुरुत्व गावकऱ्याकडे आहे. सरकारी नोकराने असे शिष्यत्व पत्करणे आणि ते लपवून न ठेवणे, ही आपल्याकडे सामान्य गोष्ट नव्हे. त्यांच्या शब्दसंग्रहाचीही हीच कथा. बगळ्यांच्या वीणवस्तीस त्यांनी 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वस्तीस 'काकागार' असे संस्कृत शब्द घडविले. ते डौलदार आहेत व कोशात शोभतील. परंतु वाचकाच्या मनात घर करून राहतात ते त्यांनी ढिवरांच्या, गोंडांच्या व कोहळ्यांच्या तोंडून उचललेले शब्द. कारण त्या शब्दांमागे पाहणाऱ्याचा डोळा व हाताळणाऱ्याचा हात आहे.

मग उणे कोठे? माझ्या मते ते विस्मयाच्या आधिक्यात आहे. चितमपल्लींचे अरण्य हे नेहमी किंचित् धुक्यात असते. 'निळावंती'सारख्या दंतकथेचे त्यांना जे आकर्षण वाटले ते योगायोगाने नव्हे. पशुपक्ष्यांची भाषा कळविणारी गूढ पोथी आणि ढिवराचे माशांविषयीचे ज्ञान ह्या दोहोंचा सुगंध त्यांच्या गद्यात पुष्कळदा एकच होऊन जातो. रसिकास हे मोहक वाटते, यात नवल नाही, मलाही वाटते. पण ढिवराचे ज्ञान गूढ नाही. ते हिशेबी आहे, पोटाचे आहे, आणि त्यावर कोणाची तरी मालकी, कोणाचा तरी ठेका, कोणाची तरी मनाई आहे. नवेगावच्या जंगलास १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. अशा सीमारेषा पडल्या म्हणजे ज्याचा पाय रोज त्या रेषेवरून जातो त्याचे काय होते, ह्या प्रश्नापाशी त्यांची लेखणी रेंगाळत नाही. तिचा ओढा पक्ष्यांकडे, चांदण्याकडे, एकांताकडे आहे. प्रत्येक लेखकाने सर्व काही लिहावे असा हट्ट धरणे अरसिकपणाचे होईल. तथापि त्यांच्या अनुकरणाने जी एक निसर्गलेखनाची लाट मराठीत आली तिने गुरूचा विस्मय तेवढा घेतला, शिष्यत्व घेतले नाही. हे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे.

दुसरा ग्रंथ हिंदीतील आहे, परंतु मराठी वाचकांस तो परका नाही. अनुपम मिश्र यांचे 'आज भी खरे हैं तालाब' हे पुस्तक १९९३ साली दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानने प्रसिद्ध केले. मिश्र हे वर्ध्यास जन्मलेले, कविपुत्र. आणि पुस्तकावर त्यांनी कसलाही हक्क राखून ठेवला नाही. ज्यास हवे त्याने छापावे, भाषांतरावे. पाण्याविषयीच्या पुस्तकाने पाण्यासारखेच सर्वांस मोकळे असावे, हा विचार मला त्या पुस्तकातील कोणत्याही वाक्याहून अधिक वाङ्मयीन वाटतो. त्याची भाषाही तशीच निर्मळ आहे. तांत्रिक गोष्ट सांगताना ती कोठेही अडखळत नाही. परंतु ह्या पुस्तकाचा नायक 'समाज' आहे, आणि तो शब्द फार एकवचनी आहे. तलाव समाजाने बांधले, समाजाने राखले, पुढे समाजाच्या हातून ते काढून घेतले गेले, हा त्याचा एकूण सूर. आमच्या धानपट्टीकडे पाहिले म्हणजे हा सूर तंतोतंत जुळत नाही. येथे समाज म्हणजे मालगुजार होता, त्याचे कूळ होते, बेगारीने माती वाहणारा होता, आणि ज्याचे सारे आयुष्य पाण्यात गेले पण ज्याच्या नावे पाण्याखालची वीतभर बांधी नव्हती असा ढिवरही होता. पाळ उंच करण्याचा निर्णय एकाचा, आणि टोपली दुसऱ्याच्या डोक्यावर. ह्यामुळे त्या विद्येचे मोल कमी होत नाही. पण त्या विद्येच्या नावाने जुनी व्यवस्था जशीच्या तशी आदर्श म्हणून मांडली, तर ज्यांनी टोपल्या वाहिल्या त्यांच्या नातवंडांनी ती का मान्य करावी?

ही व्यवस्था मोडली ती १९५० च्या मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने. त्याचा अंमल १९५१ च्या मार्चअखेरीपासून सुरू झाला आणि गावोगावचे बहुतेक तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. तिच्याविषयी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. चूक झाली ती निराळी. मालगुजाराच्या हक्काबरोबर, पाळ दुरुस्त करविण्याची व पाणी वाटण्याची जी जबाबदारी त्याच्या गळ्यात होती तीही गेली, आणि तिचा वारस कोण हे कोणी ठरविले नाही. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. ज्या पाण्यावर गावचा निस्तार पिढ्यानुपिढ्या विनामूल्य चालला होता त्यावर पाणीपट्टी आली, आणि तंटे झाले. सरकारी कागदात ह्या तलावांना आता 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, व त्याचे संक्षिप्त रूप 'मामा तलाव' असे करतात. सरकारी मराठीने नकळत केलेला हा विनोद मार्मिक आहे. ज्याचे नाते उरले नाही त्यास निदान नात्याचे नाव मिळाले! पण 'माजी' हे विशेषण अधिक बोलके आहे. तलाव कोणाचा होता ते त्यात आहे. कोणाचा आहे ते नाही.

विद्या आणि अधिकार यांची अशी फारकत झाली म्हणजे काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण जावा बेटाच्या पूर्वेस असलेल्या बाली बेटात घडले. तेथे धानाच्या पाण्याचे वेळापत्रक जलमंदिरांचे पुरोहित ठरवीत. १९७० नंतरच्या दशकात अधिक उत्पन्नाच्या हव्यासाने ते बाजूस सारून वर्षभर सलग पिके घेण्याचा उपदेश झाला. पाण्याचा गोंधळ उडाला आणि किडींनी पिके खाल्ली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९९१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की एकाच वेळी मोठा टापू कोरडा ठेवण्याची पुरोहितांची रीत हीच किडींना उपाशी मारण्याची युक्ती होती. ह्या ग्रंथाचा मोठेपणा असा, की त्याने मंदिरातील श्रद्धेचे गोडवे न गाता मंदिराचा अधिकार तपासला. मराठीत तलावांविषयी अशा जातीचे पुस्तक अद्याप व्हावयाचे आहे.

त्याची सामग्री मात्र डोळ्यांपुढे आहे. ढिवरांचेच पाहा. मत्स्यखात्याने व संस्थांनी तलावांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्यास उत्तेजन दिले. हे मासे झपाट्याने वाढतात, त्यांना भाव येतो. परंतु ते मूळचे वाहत्या नदीचे असल्यामुळे साचलेल्या तलावात स्वभावतः अंडी घालीत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ग्रंथिरसाची सुई टोचून त्यांची वीण घडवून आणली, तेव्हापासून बीज कारखान्याप्रमाणे तयार होऊ लागले. तात्पर्य, दर वर्षी ते विकत घेणे आले. उलट मरळ, शिंगी यांसारखे मासे त्याच तलावात, काठच्या उथळ पाणगवतात वितात, आणि त्यांना कोणी बीज द्यावे लागत नाही. (कोहळी आणि रोहू, दोघेही गंगेकडचे, एकाने येथील पाण्याशी संसार मांडला, दुसरा अजून दर वर्षी पाहुणा म्हणूनच येतो.) पाणगवत गेले की हे मासे जातात, आणि बेशरम नावाच्या परदेशी झुडपाने काठ व्यापला की पाणगवत जाते. हा कार्यकारणभाव ढिवरांस ठाऊक होता. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर व त्यांचे सहकारी यांनी अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांना सोबत घेऊन तो कामी लावला. बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा काठ नांगरला, देवधानासारख्या देशी पाणवनस्पती पुन्हा लाविल्या, आणि देशी मासे राखले. पुढे ढिवर स्त्रियाही ह्या कामात पुढाकाराने आल्या. ह्या प्रयोगात मला विशेष वाटते ते असे, की येथे ढिवर हा माहिती देणारा नव्हता. कोणत्या तलावात काय लावावयाचे व कोठे मासे धरावयाचे नाहीत हे ठरविणारा होता.

याच्या शेजारी २००२ च्या कायद्याने सुरू झालेली लोक-जैवविविधता नोंदवही ठेवून पाहावी. कल्पना उत्तम, पण वाङ्मयप्रकार म्हणून ह्या नोंदवहीचा साचा कोष्टकाचा आहे. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयोग. कोष्टकात नामे मावतात, क्रियापदे मावत नाहीत. देवधान कोणत्या पाण्यात उभे राहते, ते किती ठेवावे व कधी कापावे, शेजारच्या गावाने कापले तर तंटा कोणी सोडवावा, ह्या गोष्टींना रकाना नाही. आणि विद्या असते ती ह्याच गोष्टींत.

कोणी म्हणेल, हा केवळ लेखनाच्या शैलीचा वाद आहे. तो तसा नाही. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना चालू झाली. तलावातील गाळ शेतात नेणे ही तर कोहळ्यांचीच रीत. तेव्हा कागदावर पाहता देशी ज्ञानाचा हा विजयच. परंतु जेसीबी यंत्राने तळ सरसकट खरवडला, तर जेथे पाणगवत उगवते व मासा वितो तो उथळ काठही खोल होऊन बसतो. पाणीसाठा वाढल्याचा आकडा अहवालात येतो. मरळ गेल्याचा येत नाही. गाळ काढावयाचा ही माहिती यंत्राला मिळाली. कोठला काढावयाचा नाही, हे सांगण्याचा अधिकार ज्याला होता तो पाळीवर नुसता उभा राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पाण्यातील माशांवरील सामूहिक हक्क आणि परंपरागत ज्ञानावरील हक्क, दोन्ही मान्य केले आहेत. परंतु महाराष्ट्रातील ढिवर अनुसूचित जमातींत मोडत नसल्यामुळे त्यांस तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. आणि तलाव वनहद्दीबाहेर असला तर हा कायदा तेथे पोहोचतच नाही.

अशा स्थितीत मला एका उपेक्षित वाङ्मयाची आठवण होते. जुन्या मध्यप्रांतात जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज लिहिला जाई. गावच्या रूढी, पाण्याचे व निस्ताराचे हक्क, कोणी काय करावयाचे व कोणास काय मिळावयाचे, हे त्यात नमूद होई. त्याची भाषा रुक्ष आहे, आणि ती लिहविणारे सरकार परके होते. तरी ज्ञान, हक्क व कर्तव्य ही तीन एकाच पानावर आणणारे दुसरे लेखन आपल्याकडे मला दिसत नाही, आणि आमच्या निसर्गलेखकांनी व संशोधकांनी ते दप्तर अधिक उघडावे असे मला वाटते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची कलमे विदर्भाकरिता राखलेली आहेत. त्यांनुसार जिल्हाधिकाऱ्याने गावोगावच्या पाणी घेण्याच्या व मासे धरण्याच्या रूढी नोंदावयाच्या आहेत. मात्र त्या, सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या वा ताब्यातल्या नसलेल्या जमिनीवरच्या व पाण्यावरच्या. नवेगावपासून सिरेगावपर्यंतचे तलाव १९५१ पासून सरकारचे आहेत.